‘अमेरिकन पाय’चं कोडं: कुठली ओळ पक्की, कुठली नुसती हूल

अमेरिकन गायक-गीतकार डॉन मॅक्लीनचं ‘अमेरिकन पाय’ हे गाणं 1971 च्या अखेरीस आलं आणि जानेवारी 1972 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे तिथून हललं नाही. गाण्याची लांबी 8 मिनिटं 42 सेकंद. मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डच्या एका बाजूवर ते मावेना, म्हणून मध्येच तोडून अर्धं इकडे, अर्धं तिकडे घातलं. पहिल्या क्रमांकावर गेलेलं सगळ्यांत लांब गाणं हा त्याचा विक्रम थेट 2021 मध्ये टेलर स्विफ्टच्या दहा मिनिटांच्या गाण्याने मोडला.

पण लोकांनी डोकं खाजवलं ते लांबीमुळे नाही. या गाण्यात एक विदूषक आहे, राजा-राणी आहेत, काटेरी मुकुट आहे, फुटबॉलचा सामना आहे, मंचावर नाचणारा सैतान आहे आणि शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा आगगाडी पकडून निघून जातात. नाव घेऊन उल्लेखलेली खरी माणसं मात्र दोन-तीनच. बाकी सगळे कोण, याचा शोध पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

मराठी वाचकाला कूटरचना नवी नाही. ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ ही ज्ञानेश्वरांची रचना ऐकताना प्रत्येक गाव, प्रत्येक कुंभार कशाचं तरी चिन्ह आहे हे आपण गृहीतच धरतो, आणि कीर्तनकार ती चिन्हं उलगडून सांगतो. ‘अमेरिकन पाय’ची गंमत अशी की त्याची किल्ली लेखकाने अनेक दशकं खिशातच ठेवली. अर्थ विचारला की ‘अर्थ हाच की मला पुन्हा कधी काम करावं लागणार नाही’ असं तो सांगायचा. गीतकाराने आपलं म्हणणं मांडावं आणि पुढे जावं, बाकी मौन पाळावं, अशी त्याची भूमिका होती. मग ज्याने त्याने आपापली किल्ली घडवली. त्यातल्या बऱ्याच कुलपात फिरत नाहीत, आणि त्या का फिरत नाहीत हे नीट तपासता येतं.

आधी घड्याळ लावायचं

कुठल्याही गाण्यातला संदर्भ शोधताना पहिलं काम एकच: गाणं केव्हा लिहून झालं ते पक्कं करणं. ‘अमेरिकन पाय’चं ध्वनिमुद्रण मे 1971 मध्ये झालं. म्हणजे त्यानंतरची कुठलीही घटना गाण्यात असूच शकत नाही. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा गाणंच देतं: पहिल्या कडव्यात फेब्रुवारी महिना आहे, घरोघर पेपर टाकणारा मुलगा आहे, दारात पडलेली वाईट बातमी आहे आणि नुकतंच लग्न होऊन विधवा झालेली एक बाई आहे.

हे सगळं एकाच तारखेला जुळतं. 2 फेब्रुवारी 1959 च्या रात्री आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक गावी, सर्फ बॉलरूममध्ये रॉक अँड रोल गायक बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘द बिग बॉपर’ म्हणून ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन यांचा कार्यक्रम झाला. ऐन हिवाळ्यातला दौरा, बसमधला हीटर सारखा बंद पडायचा. हॉलीच्या ड्रमरला तर पाय थंडीने गोठल्यामुळे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. कंटाळून हॉलीने पुढच्या मुक्कामासाठी छोटं विमान ठरवलं. मध्यरात्र उलटल्यावर, 3 फेब्रुवारीला, मेसन सिटीच्या विमानतळावरून उडालेलं ते बीचक्राफ्ट बोनान्झा काही मिनिटांतच शेतात कोसळलं. तिघं गायक आणि रॉजर पीटरसन हा वैमानिक, चौघंही गेले. हॉली 22 वर्षांचा होता, व्हॅलेन्स 17 चा. हॉलीचं लग्न आदल्याच ऑगस्टमध्ये झालेलं.

मॅक्लीनचा जन्म ऑक्टोबर 1945 चा, न्यू यॉर्कजवळच्या न्यू रोशेलमधला. अपघात झाला तेव्हा तो 13 वर्षांचा होता आणि पेपर टाकायचा. गठ्ठा उघडताना ही बातमी दिसल्याचं त्याने स्वतः सांगितलं आहे. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे तो अल्बम हॉलीलाच अर्पण केलेला आहे. तर्कांचे ‘पक्कं’, ‘बहुधा’ आणि ‘शक्य’ असे तीन खाने केले, तर पहिलं कडवं ‘पक्कं’मध्ये टाकायला हरकत नाही.

आता याच कडव्यावरची एक लोकप्रिय हूल बघा. विधवा म्हणजे जॅकी केनेडी, असं बरेच जण सांगतात. तिचे पती, अध्यक्ष केनेडी, यांची हत्या नोव्हेंबर 1963 मध्ये झाली. कडव्यात फेब्रुवारी आहे. शिवाय तिथे नवी नवरी आहे, आणि जॅकीच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. दोन गोष्टी जुळत नाहीत म्हटल्यावर तो अर्थ सोडून द्यायचा. एका शब्दावर अर्थ टांगायचा आणि त्याच ओळीतल्या बाकीच्या शब्दांकडे काणाडोळा करायचा, ही या प्रकारातली सगळ्यांत सर्रास होणारी चूक आहे.

आणखी दोन दंतकथा इथेच निकालात काढू. त्या विमानाचं नाव ‘अमेरिकन पाय’ होतं म्हणतात. तसं नव्हतं, विमानाला नाव नव्हतंच, नुसता नोंदणी क्रमांक होता. आणि ‘संगीत मेलं तो दिवस’ हा शब्दप्रयोग 1959 च्या वर्तमानपत्रांतून उचलला, असंही कुणी म्हणतं. तो मॅक्लीनचा आहे. अपघाताला ते नाव बारा वर्षांनी, या गाण्यामुळे मिळालं.

यमकाने आणलेले शब्द

ध्रुपदावर लोकांनी जितका वेळ घालवला तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या ध्रुपदावर घालवला असेल. शेव्हरोले गाडी घेऊन बांधावर जाणं, तो बांध कोरडा असणं, जुने दोस्त व्हिस्की आणि राय पीत बसलेले असणं. अमेरिकेत राय हीसुद्धा व्हिस्कीच. कायद्याने तिच्यात किमान 51 टक्के राय धान्य लागतं. मग ‘व्हिस्की आणि राय’ असं कुणी का म्हणेल? या शंकेतून एक तर्क निघाला: राय म्हणजे दारू नव्हे, न्यू रोशेलच्याच परिसरातलं राय नावाचं गाव. ‘लेव्ही’ म्हणजे नदीचा बांध नव्हे, त्या नावाचा एखादा बार.

इथे मराठी माणसाला लगेच कळणारी कसोटी लावायची: यमक. ‘शेव्ही’ला (म्हणजे शेव्हरोलेला) ‘लेव्ही’ जुळतं. ‘पाय’, ‘बाय’, ‘ड्राय’, ‘राय’, ‘डाय’ ही एकच माळ आहे. ओळीच्या शेवटी आलेला शब्द कधी अर्थासाठी येतो, कधी नादासाठी, आणि बऱ्याचदा दोन्हींसाठी. त्यामुळे यमकाच्या जागेवर बसलेल्या शब्दावर मोठा इमला चढवू नये. आतल्या शब्दांवर जास्त भरवसा ठेवावा, कारण तिथे कवीला निवडीची मोकळीक असते.

ध्रुपदाची शेवटची ओळ मात्र भक्कम आहे. ‘आज माझं मरण’ अशा अर्थाची ती ओळ बडी हॉलीच्या 1957 च्या ‘दॅट्ल बी द डे’ या गाण्याचा सरळ पडसाद आहे. हॉलीने ते शब्द घेतले जॉन वेनच्या ‘द सर्चर्स’ या 1956 च्या चित्रपटातून, आणि मॅक्लीननेही आपल्या ओळीचं मूळ तिथेच असल्याचं सांगितलं आहे. ‘बाय बाय’ची कल्पना लोकगायक पीट सीगर यांच्या एका गाण्यावरून सुचली. आधी शब्द होते ‘मिस अमेरिकन ॲपल पाय’. ‘ॲपल’ गळलं आणि गाण्याला नाव मिळालं. सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय हा अमेरिकनपणाचा घरगुती शिक्का, ‘मिस अमेरिका’ हा सौंदर्यस्पर्धेचा मुकुट. दोन्ही एकत्र करून कवी कुणाचा निरोप घेतोय हे समजायला एखाद्या खऱ्या बाईचा शोध घ्यायची गरज नाही.

कडव्यांचा क्रम हाच कालक्रम

गाण्यात सहा कडवी आहेत. पहिलं आणि शेवटचं संथ, मधली चार वेगात. मधल्या चारांतले संदर्भ काढून त्यांच्यापुढे साल लिहिलं की एक गोष्ट लक्षात येते: काळ पुढे सरकतो आहे. हे एकदा दिसलं की प्रत्येक तर्काला एक नवी चाळणी मिळते, कारण कुठलाही संदर्भ त्या कडव्याच्या काळात बसायला हवा.

दुसरं कडवं पन्नासच्या दशकातलं. ‘प्रेमाचा ग्रंथ तू लिहिलास का’ हा प्रश्न द मोनोटोन्स या गटाच्या 1958 च्या ‘बुक ऑफ लव्ह’वरून येतो. गुलाबी कार्नेशनचं फूल येतं मार्टी रॉबिन्सच्या 1957 च्या गाण्यातून. तिथे पांढरा कोट आणि फूल आहे, इथे फूल आणि पिकअप ट्रक. शाळेच्या जिममध्ये नाच, पायातले बूट काढून ठेवलेले, आपल्याला आवडणारी मुलगी दुसऱ्याबरोबर. सगळं निरागस आहे. या कडव्याबद्दल फारसे वाद नाहीत.

तिसऱ्यात विदूषक येतो, आणि खरी झोंबाझोंबी इथून सुरू होते. तो राजा-राणीसमोर गातो, अंगात जेम्स डीन या नटाकडून उसना आणलेला कोट, आवाज ‘तुमच्या-माझ्यातून’ आलेला, आणि तो राजाचा काटेरी मुकुट पळवतो. सर्वमान्य समजूत अशी: विदूषक म्हणजे बॉब डिलन, राजा म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली. डिलनच्या बाजूने पुरावा कमी नाही. 1963 च्या ‘फ्रीव्हीलिन’ अल्बमच्या मुखपृष्ठावर तो जॅकेटात, खांदे आखडून, डीनच्या धाटणीत चालताना दिसतो. लोकांच्या तोंडचं लोकसंगीत ही त्याची ओळख. आणि पुढच्या कडव्यात विदूषक प्लास्टर घालून मैदानाबाहेर बसलेला आहे. डिलनला 29 जुलै 1966 रोजी वुडस्टॉकजवळ मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्यानंतर त्याने दौरे थांबवले.

राणी कोण? लोकगायिका जोन बाएझपासून इंग्लंडच्या राणीपर्यंत नावं सुचवली गेली. पण ‘क्वीन’ला ‘डीन’ जुळतं. यमकाची कसोटी इथेही लागते, आणि राणीवरचे बहुतेक तर्क तिथेच गळून पडतात.

2017 मध्ये डिलनला विदूषकाबद्दल विचारलं, तेव्हा त्याने ‘मास्टर्स ऑफ वॉर’सारखी आपली गाणी मोजून दाखवली आणि असली गाणी लिहिणारा विदूषक कसला, तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असणार, असं म्हटलं. या गाण्यावरच्या 2022 च्या माहितीपटात मॅक्लीननेही सांगितलं की विदूषक म्हणजे डिलन नाही आणि राजा म्हणजे एल्व्हिस नाही. मग कोट, आवाज, प्लास्टर यांचं काय करायचं? तीन स्वतंत्र खुणा एकाच माणसाकडे बोट दाखवतात, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडणं जड जातं. मला पटतं ते असं: विदूषक हे एक पात्र आहे आणि त्याला डिलनचे कपडे घातले आहेत. पात्राचा प्रत्येक हावभाव डिलनच्या चरित्रात शोधायला गेलात तर फसाल. कपडे ओळखले तर बरोबर आहात. म्हणून डिलन ‘पक्कं’मध्ये नाही, ‘बहुधा’मध्ये.

याच कडव्यात लेनिन मार्क्सचं पुस्तक वाचतो आणि एक चौकडी बागेत सराव करते. लेनिन की जॉन लेनन? इंग्रजी उच्चार जवळपास सारखा, त्यामुळे कानाने निवाडा होत नाही, आणि छापील प्रतींतही कुठे एक, कुठे दुसरं. लगेच पुढे चौकडी आल्यामुळे बीटल्स मनात येतातच, आणि मार्क्समुळे लेनिनही जात नाही. गाताना दोघंही एकाच वेळी हजर राहू शकतात. कोटी समजून दोन्ही अर्थ ठेवावेत.

चौथ्या कडव्यात संदर्भ दाट होतात. ‘आठ मैल उंच’ म्हणजे द बर्ड्स या गटाचं 1966 चं ‘एट माइल्स हाय’, आणि त्याच ओळींच्या आसपास उडून जाणारे पक्षी. गटाचं नाव आणि पक्षी हे शब्द कानाला एकच. कूच करणाऱ्या सुरावर वाजवणारे सार्जंट म्हणजे बीटल्सचं 1967 चं ‘सार्जंट पेपर’. ‘हेल्टर स्केल्टर’ हे बीटल्सचं 1968 चं गाणं. पण ऑगस्ट 1969 मध्ये चार्ल्स मॅन्सन या माथेफिरूच्या टोळीने केलेल्या हत्यांच्या जागीही हेच शब्द लिहिलेले सापडले, आणि कडव्यात उन्हाळ्याची काहिली आहे. इथे घाई करू नये. हा शब्दप्रयोग इंग्रजीत जुना आहे, अर्थ साधाच: सैरावैरा. बाकीचं कडवं 1966 ते 1968 मध्ये राहतं. म्हणून गाणं ‘बहुधा’, हत्याकांड ‘शक्य’.

मग सामना सुरू होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मध्यंतराला बँडपथक मैदानावर उतरतं. इथे मध्यंतरात हवेत गोड सुगंध आहे, खेळाडू मैदान घ्यायला बघतात, आणि बँडपथक जागा सोडायला तयार नाही. सुगंध म्हणजे गांजाचा धूर, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. मॅक्लीनने 2022 मध्ये सांगितलं की तो अश्रुधूर आहे, आणि बँडपथक म्हणजे लष्कर आणि शस्त्रास्त्र उद्योग यांची युती. हे ऐकल्यावर पूर्ण कडवं जागेवर बसतं: तरुण मैदानात उतरायला बघतात आणि गणवेशातली माणसं हटत नाहीत. ऑगस्ट 1968 मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर हेच झालं होतं. गांजाचा अर्थ फक्त सुगंधाला लागू पडायचा, अश्रुधुराचा अर्थ सगळ्या सामन्याला लागू पडतो. दोन तर्कांत निवड करायची तर जो जास्त ओळी उचलून धरतो तो घ्यावा.

पाचवं कडवं जवळून

पद्धत कशी चालते हे दाखवायला पाचव्या कडव्याइतकं चांगलं उदाहरण नाही. यात एकच घटना लपली आहे आणि तिच्या खुणा जागोजागी पेरल्या आहेत. सगळी पिढी एकाच जागी जमली आहे. मग एक बडबडगीत येतं, जॅक चपळ हो, जॅक लवकर हो, आणि त्या जॅकचा अचानक ‘जॅक फ्लॅश’ होतो. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक गटाचं ‘जंपिंग जॅक फ्लॅश’ 1968 चं. पुढे आग, पुढे मंचावर ‘तो’, त्याला बघून निवेदकाच्या मुठी आवळलेल्या, नरकात जन्मलेला कुठलाही देवदूत सैतानाची मोहिनी तोडू शकत नाही, रात्रीच्या आकाशात चढणाऱ्या ज्वाळा, बळीचा विधी.

6 डिसेंबर 1969 रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट स्पीडवेवर रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम झाला. लाखोंची गर्दी. मंचाजवळ बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही मोटरसायकलवाल्यांची टोळी. ‘नरकात जन्मलेले देवदूत’ हे त्या टोळीचं नावच उलगडून लिहिलं आहे. कार्यक्रम चालू असताना मेरेडिथ हंटर या 18 वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं गेलं. जॅक फ्लॅश, मंच, देवदूत, नरक, सैतान, बळी: सहा खुणा, एक संध्याकाळ. मॅक्लीनने काहीही सांगितलं नसतं तरी हे कडवं ‘पक्कं’ म्हणता आलं असतं.

इथेही दोन चुका हमखास होतात. पहिली: जॅक ज्या मेणबत्तीदानावर (इंग्रजीत कँडलस्टिक) बसतो त्याला लोक कँडलस्टिक पार्क म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोतलं ते मैदान, जिथे ऑगस्ट 1966 मध्ये बीटल्सची शेवटची तिकीट लावलेली मैफल झाली. पण मेणबत्तीदान मूळ बडबडगीतातच आहे. सोप्या कारणाने शब्दाचा पूर्ण उलगडा होत असेल तर अवघड कारणाला वेगळा पुरावा लागतो, आणि तो इथे नाही. दुसरी: हंटरला मारलं तेव्हा ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ वाजत होतं, म्हणून सैतान आला, असं सांगतात. त्या क्षणी वाजत होतं ‘अंडर माय थम्ब’. ‘सिम्पथी’ त्याच कार्यक्रमात आधी झालं होतं. सैतान गाण्यात यायला तेवढंही पुरेसं आहे; चुकीच्या तपशिलाची गरज नाही.

ध्रुपद कोण गातं

आता एक गोष्ट, जी ओळखायला एकही नाव माहीत असावं लागत नाही. गाणं पुन्हा लावा आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद कोण गातंय ते ऐका. दुसऱ्या कडव्यानंतर ‘मी’ गाऊ लागतो. तिसऱ्या-चौथ्यानंतर ‘आम्ही’. पाचव्यानंतर ‘तो’, आणि तिथे ‘तो’ म्हणजे नुकताच आनंदाने हसलेला सैतान. शेवटच्या कडव्यानंतर ‘ते’. निरोपाचं एकच गाणं एका मुलाकडून त्याच्या पिढीकडे जातं, पिढीकडून सैतानाकडे, आणि अखेर परक्यांकडे. ‘संगीत मेलं तो दिवस’ हेही प्रत्येक कडव्याच्या शेवटी येतं, पण दर वेळी वेगळ्या प्रसंगावर: एकदा नाचाच्या जिममध्ये, एकदा अंधारात शोकगीतं गाताना, एकदा फुटबॉलच्या मैदानावर, एकदा अल्टामाँटला. 1959 चा अपघात हे त्यातलं पहिलं मरण आहे.

माझ्या मते गाण्याचा गाभा हा आहे, आणि कोण-कोण-आहे या शोधात तो सहज हरवतो. विदूषकाचं नाव चुकलं तरी गाणं कळतं. सर्वनामं ऐकली नाहीत तर सगळी नावं बरोबर येऊनही हाती यादीच उरते.

सहाव्या कडव्यात ब्लूज गाणारी एक मुलगी भेटते. तिच्याकडे काही आनंदाची बातमी मागावी तर ती हसून वळते आणि निघून जाते. ब्लूज गाणारी जॅनिस जॉप्लिन 4 ऑक्टोबर 1970 रोजी गेली; साल जुळतं, ब्लूज जुळतं, म्हणून हा तर्क वर्षानुवर्षं ‘पक्का’ मानला गेला. मॅक्लीनने तो नाकारला. सगळ्या चाळण्यांतून पार पडलेला तर्कही कवीच्या मनात नसू शकतो, हे इथे मान्य करावं लागतं. मात्र इतर अर्थांना आपला विरोध नाही, असंही तो म्हणाला आहे. पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या जागी कुणी त्या अपघातातले तिघं बसवतात, कुणी केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग. मॅक्लीनच्या म्हणण्यानुसार ते तिघं जातात तो किनारा म्हणजे लॉस एंजलिस, आणि अर्थ असा की देवसुद्धा भ्रष्ट झाला. शब्द आहेत तसेच घेतले की ओळ जास्त बोचते.

कवीचं बोलणं आणि कवीचे कागद

लेखक पन्नास वर्षांनी जे सांगतो ते महत्त्वाचं आहे, पण त्याने लिहिताना जे खोडलं ते जास्त महत्त्वाचं. एप्रिल 2015 मध्ये ‘अमेरिकन पाय’चं मूळ हस्तलिखित न्यू यॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बारा लाख डॉलरला विकलं गेलं. गोष्टी चुकीच्या दिशेने चालल्या आहेत असं हे गाणं आहे आणि एका अर्थी ते नीतीबद्दलचं गाणं आहे, असं मॅक्लीनने तेव्हा सांगितलं.

त्या कागदांत एक कडवं आहे जे कधी गायलं गेलं नाही. त्यात निवेदक एकटा, घाबरलेला, गुडघे टेकून प्रार्थना करतो: संगीत जिवंत ठेव, मी काय वाटेल ते देईन. वचन मिळतं की ते पुन्हा जगेल, पण या वेळी एकाच्या जागी चार असतील. पाच वर्षांनी चौघं येतात आणि संगीताचा पुनर्जन्म होतो. आकडेमोड करून बघा. 1959 मध्ये पाच मिळवले की 1964, आणि त्याच फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले. एक गेला, चार आले. कोडं म्हणून हे गाण्यातल्या कुठल्याही ओळीपेक्षा चोख आहे.

आणि तेच त्याने काढून टाकलं. हे कडवं राहिलं असतं तर गाणं मरणातून पुनर्जन्माकडे गेलं असतं, साठचं दशक वरदान ठरलं असतं. ते काढल्यावर संगीत पुन्हा कधीच जिवंत होत नाही, ध्रुपद ‘मी’कडून ‘ते’कडे सरकत राहतं आणि शेवटच्या कडव्यात चर्चच्या घंटाही मोडलेल्या निघतात. साठच्या दशकाबद्दल मॅक्लीनचं मत काय, याचा इतका स्पष्ट पुरावा कुठल्याही मुलाखतीत नाही.

एक ओळ मात्र अजून कुणालाही नीट लागलेली नाही. तिसऱ्या कडव्यात, राजाचा मुकुट पळवल्यावर, कोर्ट उठतं आणि निकाल लागत नाही. शिकागोच्या आंदोलकांवरचा खटला सुचवला जातो. त्याचा निकाल फेब्रुवारी 1970 मध्ये लागला होता, म्हणून तो बाद. केनेडींच्या खुनाचा खटला सुचवला जातो. आरोपी खटल्याआधीच मारला गेला, म्हणजे कोर्ट भरलंच नाही आणि उठलंही नाही. शिवाय ‘ॲडजर्न्ड’ आणि ‘रिटर्न्ड’ हे एकमेकांचं यमक आहेत. ज्याला प्रयत्न करायचा असेल त्याने साठच्या दशकाच्या पूर्वार्धात शोधावं, भरलेलं कोर्ट शोधावं, निकालाविना संपलेलं शोधावं, आणि विदूषकाशी त्याचा धागा जोडून दाखवावा. चारही अटी पुऱ्या करणारं उत्तर सापडलं तर ते ‘बहुधा’मध्ये लिहायला हरकत नाही.